ओढणीनं धरलेली जागा

ही घटना आठवायला बसलो की घटनेच्या आधी ताई आठवतात. म्हणून त्यांचं आधी सांगतो. ताई डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात अंगणवाडी सेविका होत्या आणि आजही आहेत. घर अकोटच्या बाहेरच्या वस्तीत. सकाळच्या एसटीनं गावात जायचं, संध्याकाळच्या एसटीनं परत यायचं. त्या सकाळी ताई आमच्या ठाण्याची पायरी चढल्या नसत्या तर एक मुलगी आज नसती. एक निर्दोष पोरगा आयुष्यभर संशय वागवत फिरला असता. आणि मलाही निवृत्तीनंतर स्वस्थ झोप लागली नसती. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण "माह्यं नाव कोठी येऊ देऊ नका भाऊ" असं त्यांनीच मला सांगितलं आहे.

मी मूळचा समुद्राकाठचा. नववीत शाळा सुटली, राखीव दलात भरती झालो आणि तिथून बदली होत होत वऱ्हाडात आलो. सुरुवातीला इथली बोली कानावर पडली की वाटायचं, माणसं भांडतायत. नंतर कळलं, ती विचारपूस करतायत. निवृत्त होताना मी सहायक फौजदार होतो, पण या घटनेच्या वेळी जमादार, म्हणजे हेड कॉन्स्टेबल. बाहेरचा माणूस आणि शिक्षण कमी, त्यामुळे आपल्या हातून चूक होईल ही धास्ती नोकरीभर पोटात राहिली. कागद लिहून झाला तरी मी तो परत वाचायचो.

थंडीचे दिवस होते. रविवारी दिवेलागणीला अमरावतीची दहा-बारा पोरंपोरी ठाण्यात शिरली. एकीचे डोळे रडून सुजले होते. त्यांचा म्होरक्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारा, सडपातळ, चष्मेवाला. तो पुढे आला.

"साहेब, आमच्यातली एक जण स्टँडवरून गायब झाली."

ही मंडळी दर महिन्याला एका रविवारी सहलीला जायची. नियम असा की स्वतःची गाडी नाही आणि भाड्याचीही नाही. एसटीनं जायचं, पुढे पायी, आणि शेवटच्या एसटीनं परत. चिखलदऱ्यासारखी गर्दीची ठिकाणं टाळायची. कुणी ऐकलं नसेल असा एखादा डोह, एखादा पाणवठा, जुन्या झाडांची राई शोधायची. दुसरा नियम, आपला कचरा आपण परत आणायचा. त्या दिवशी ते पायथ्याच्या त्याच गावामागच्या डोहावर गेले होते. संध्याकाळच्या गाडीनं अकोटला आले आणि अमरावतीची गाडी पकडायला धावले, तर एक मुलगी कमी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची. अंगावर निळा ड्रेस, मोरपंखी ओढणी.

ठाणेदारांनी मिसिंग दाखल करून घेतली. वर्णन सगळीकडे पाठवलं. स्टँड, लॉज, रसवंत्या, सगळं आम्ही पालथं घातलं. तेवढ्यात खबर आली. स्टँडसमोरच्या पानटपरीवाल्यानं फोन केला, की मोरपंखी ओढणीची पोट्टी एका पोऱ्याच्या मोटारसायकलवर बसून अकोल्याच्या रस्त्यानं गेली. झालं! ठाणेदारांचा चेहरा सैल झाला. पळून गेलेली मुलगी म्हणजे आमच्या खात्यात रोजचं काम. एक पथक अकोल्याला निघालं.

मुलीचे वडील अमरावतीहून आले, तेव्हा चष्मेवाला बाकावर बसला होता. त्यांनी सरळ त्याची कॉलर धरली.

"माही पोट्टी कोठी हाय? बोल! एसटीनं फिरवते लेकाचा, एक गाडी कराची ऐपत नाई अन् चालला जंगल दाखवाले!"

"काका, ऐपतीचा प्रश्न नाही हो..."

"मंग कशाचा हाय?"

मी दोघांना सोडवलं. वडिलांना पाणी दिलं. मुलीचा मोबाईल मैत्रिणीच्या पिशवीत सापडला होता. फोटो काढायला दिलेला, तिथंच राहिलेला. ठाणेदार म्हणाले, "बघा, मोबाईल टाकून गेली. म्हणजे ठरवून गेली." वडील उठून दारात जाऊन उभे राहिले.

चौकशी माझ्याकडे आली. मी प्रत्येकाला वेगळं बसवून विचारलं. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. ठरवून खोटं बोलणाऱ्यांचे जबाब एकसारखे येतात, शब्दाला शब्द. खरं बोलणाऱ्यांचे कुठं तरी फाटतात. या पोरांचे सगळीकडे फाटत होते. एक म्हणे डोहावर पोहे खाल्ले, दुसरा म्हणे चिवडा. मात्र एका गोष्टीवर सगळे ठाम होते. मुलगी गाडीत होती.

"नक्की?"

"हो ना. मागच्या बाकावर. तिची ओढणी दिसत होती."

कंडक्टरला घरून बोलावलं. तो वैतागला होता. "साहेब, या पोट्ट्यायनं तिकिटं एकदम काढली, सगळ्यायची. तिकीट हाय म्हंजे मानूस हाय. मी का एकेकाचं तोंड पाहून राहिलो का? पाय ठेवाले जागा नोती गाडीत."

ठाणेदारांनी चष्मेवाल्याला आत घेतलं. त्यांचा संशय त्याच्यावर वळला होता. यानंच मित्राला मोटारसायकल घेऊन स्टँडवर बोलावलं असणार, हा त्यांचा हिशेब.

"तुझी गाडी कुठं आहे?"

"माझ्याकडं गाडीच नाही साहेब. सायकल आहे."

"मग मित्राची?"

"मित्रांकडंही नाही. म्हणून तर आमचं जमलं."

हसू येण्यासारखं उत्तर होतं, पण कुणी हसलं नाही. पोरगा रडकुंडीला आला होता. "साहेब, मी खरं सांगून राहिलो. निघताना मी सगळ्यायच्या जागा पाह्यल्या. भरल्या होत्या. म्हणून बेल मारू देली."

मला काहीतरी खटकत होतं, पण नेमकं काय ते कळत नव्हतं. मी सुजलेल्या डोळ्यांच्या मैत्रिणीला परत विचारलं, "गाडीत ती तुझ्याशी काय बोलली?"

तिनं आठवून पाहिलं. मग म्हणाली, "गर्दी होती काका. मी पुढं, ती मागं."

बाकीच्यांनाही तोच प्रश्न विचारला. अख्ख्या प्रवासात त्या मुलीचा एक शब्द कुणाच्या कानावर पडलेला नव्हता. मैत्रिणी म्हणत होत्या, ही मुलगी गप्प बसणारी नाही, एसटीत अंताक्षरी तीच चालू करते. मी ठाणेदारांना हे सांगितलं. ते दमलेले होते. आम्ही सगळेच दमलेले होतो. "जमादार, अकोल्याहून पथक काय आणतं ते बघू. त्या गावाचा विचार सकाळी."

पोरं आणि वडील रात्रभर ठाण्यातच बसून होते. पथक सकाळी हात हलवत आलं. मोटारसायकलवरची मुलगी सापडली होती, पण ती वेगळीच. नणंदेच्या घरी चाललेली, नवऱ्याच्या मागं बसलेली. ओढणी तेवढी मोरपंखी.

आणि तेव्हाच ताई आल्या.

चाळिशीच्या, अंगणवाडीची साडी, हातात कापडी पिशवी. दारातच थांबल्या. मी बाहेर गेलो.

"जय भीम साहेब. मले काई सांगाचं होतं. पन आधी सांगा, मले चोर तं म्हननार नाई ना?"

मी म्हटलं, "बसा आधी. ताई, काय झालं?"

त्यांनी पिशवीतून मोरपंखी ओढणी काढली आणि टेबलावर ठेवली. घडी घातलेली होती. घातपात झालेल्या मुलीचे कपडे असेच टेबलावर येतात.

"काल रविवार, पन पोलिओचे डोस व्हते म्हनून गावाले गेली व्हती. येताना संध्याकाळच्या गाडीत ही मागच्या बाकावर पडली व्हती. कोनीतरी जागा धरली असन. मी उभीच व्हती. दोन गावं गेली तरी त्या जागेवर कोनी येईना. मंग मी बसली. ओढनी पायाखाली येऊ नाई म्हनून मांडीवर घेतली."

"म्हणजे त्या जागेवर मुलगी नव्हती?"

"कोनीच नोतं जी. मीच व्हती."

वऱ्हाडात एसटी लागली की खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, ओढणी, काहीही सीटवर टाकतात. टाकलं की जागा त्याची. गाडीत शिरताना ढकलाढकली होते, कधी शिव्याही होतात, पण रुमाल टाकलेल्या जागेवर सहसा कुणी बसत नाही. मैत्रिणीनं मुलीची ओढणी मागच्या खिडकीतून टाकली आणि जागा धरली. चष्मेवाल्यानं गर्दीतून मान उंचावून पाहिलं आणि जागा मोजल्या. डोकी मोजली नाहीत. पुढं बसलेल्यांना उभ्या माणसांच्या फटीतून मोरपंखी रंग दिसत राहिला, ताईंच्या मांडीवर. एकही पोर खोटं बोललं नव्हतं. सगळ्यांनी फक्त ओढणी पाहिली होती.

मी मैत्रिणीला हाक मारली. टेबलावरची ओढणी तिनं उचलून उलगडली. "तिनंच देली व्हती मले, गाडीपाशी. म्हने माही जागा धर, मी आलीच. डोहावर प्लास्टिकची पिशवी राहिली म्हने."

"मग हे काल का नाही सांगितलं, बाई?"

"मले वाटलं ती आली. ओढनी दिसत व्हती ना काका..."

ठाणेदार उठलेच होते. तेवढ्यात त्यांनी ताईंना विचारलं, "रात्रीच का नाही आणली?"

ताईंनी मान खाली घातली. "स्टँडवर कोनी मागाले आलं नाई. सकाळी कंडक्टरले देऊ म्हनून घरी नेली. मंग मोबाईलवर पोरीचं वर्नन आलं. अंगावर मोरपंखी ओढनी, असं लिवलं व्हतं. मी घरी म्हनलं, ओढनी तं आपल्याजवळ हाय, मंग तिच्या अंगावर कशी? नवरा म्हने, जाऊ नको, चोरीचा आळ येईन, मानधनाची नोकरी हाय, तेही जाईन. रातभर बसून व्हतो आमी." मग मान वर करून म्हणाल्या, "पन साहेब, मलेही पोरगी हाय."

ठाणेदारांनी जीप काढायला सांगितली. मी जबाबात लिहिलं, सापडलेली वस्तू स्वतःहून हजर केली. ते वाक्यही मी दोनदा वाचलं.

वडिलांसोबत आम्ही ताईंनाही जीपमध्ये घेतलं, कारण गावातली माणसं पोलिसांपेक्षा त्यांचं लवकर ऐकतील. तसंच झालं. त्या उतरल्या आणि हाक मारली, तशी अख्खी गल्ली काठ्या घेऊन डोहाकडे निघाली. वडील सगळ्यांच्या पुढं, बूट काढून हातात घेतलेले. डोहाच्या पलीकडच्या अंगाला खडकाची कपार आहे. मुलगी तिथं होती. पिशवी वाऱ्यानं उडून तिकडे गेली, ती काढायला उतरली आणि पाय घसरून घोट्याचं हाड मोडलं. हाका मारून मारून घसा बसला होता. गाव जवळ होतं, पण मधे टेकाड आणि त्यात पाण्याचा आवाज. ओठ निळे पडले होते. हातात ती पिशवी अजून धरलेली.

वडील तिच्याजवळ बसले. ती त्यांच्याकडे पाहत घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बाबा, गाडी गेली का?"

ते हसले की रडले, मला अजून सांगता येत नाही. ताईंनी आपल्या पिशवीतली शाल तिच्या अंगावर टाकली. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर थंडीनंच संपली असती.

दवाखान्यात वडिलांनी चष्मेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. माफी मागणं त्यांना जमलं नाही. ते म्हणाले, "पुढच्या वेळी गाडी करजो बाबा."

"गाडी नाही करत काका. डोकी मोजतो."

"बरं. मोज."

ती पोरं अजून फिरतात, असं ऐकलं आहे. ती मुलगीही जाते त्यांच्यासोबत.

ताईंना मात्र त्या दिवसाचं वेगळंच फळ मिळालं. अंगणवाडी न कळवता बंद ठेवली म्हणून वरून नोटीस आली. ठाणेदारांनी पत्र दिलं तेव्हा ते मिटलं, पण महिनाभर त्या बाईचा जीव टांगणीला होता. मला एकदा स्टँडवर भेटल्या तर म्हणाल्या, "भाऊ, चांगलं केलं तरी जबाब द्या लागते काहून?" तीस-बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांचे जबाबच लिहीत आलो.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं तरुण शिपाई विचारतात. मी त्यांना सांगतो, साक्षीदारानं काय पाहिलं एवढंच विचारू नका, काय ऐकलं तेही विचारा. माणूस असेल तिथं त्याचा आवाज असतो. एवढं सांगतो आणि थांबतो. खरं म्हणजे मनात दुसरंच काही असतं. गावाकडं माझी आई जिवंत असेपर्यंत पंगतीत माझं पान मांडत असे, मी कधीही येईन म्हणून. घर भरलेलं दिसायचं. मी मात्र इथं कुठल्या तरी बंदोबस्तावर उभा असायचो. धरलेली जागा पाहून सगळ्यांचं समाधान होतं, आणि ज्याची जागा त्याचं काय झालं हे विचारायचं राहून जातं. माझ्यासारख्या घरापासून दूर राहिलेल्या माणसाला हे लवकर कळायला हवं होतं. मला त्या डोहावर कळलं.

निवृत्तीनंतर मी इथंच राहिलो. मागच्या महिन्यात ताई बाजारात भेटल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "इतके वर्स त्या गावाले जाऊन राहिली, पन डोह म्हनून डोह काई पाह्यला नाई मी. पोरायची खिचडी, वजनं, मीटिंग, अन् मंग गाडी. त्या दिवशी गेली, पन तवा पाहाची कोनाले शुद्ध व्हती?"

मी म्हटलं, "एका रविवारी जाऊ ताई. घरच्यांनाही घ्या."

"पाहू जी. पोरीचं लग्न होऊ द्या. मंग सुट्ट्या पाहू." असं त्या नेहमी म्हणतात.

ठीक आहे. मी वाट पाहीन. गुडघे दुखतात, पण एसटीची पायरी अजून चढता येते. ताई, तुम्ही म्हणाल त्या रविवारी, संध्याकाळी परत निघताना, मागच्या खिडकीतून रुमाल मी टाकीन, तुमच्या नावाचा. आणि तुम्ही स्वतः येऊन त्या जागेवर बसेपर्यंत कंडक्टरला बेल मारू देणार नाही, हा माझा शब्द.