काही न बोलता गेलेली

पेठेत तिला सगळे चष्मेवाली म्हणत. दुकान तिचं स्वतःचं. पुढे फ्रेमांची कपाटं, मागे पडद्याआड अक्षरांचा तक्ता आणि तपासणीची खुर्ची. दहा वर्षं तिने लोकांच्या नाकावर चष्मे बसवले आणि तेवढीच वर्षं एका गायकाचा संसार केला. गायक स्वतःच गाणी लिही, स्वतःच चाली लावी आणि बहुतेक स्वतःच ऐके. बाकी घरात त्याचं लक्ष कमीच. एकदा पाहुणे जेवून, गप्पा मारून, निरोप घेऊन गेल्यावर त्याने विचारलं होतं, "कोणी येणार होतं ना आज?"

शेवटी तिने निघायचं ठरवलं. काय बोलायचं याची तीन दिवस दुकानातल्या आरशासमोर तालीम केली. गिऱ्हाईक आलं की गप्प बसायची, गेलं की पुन्हा पहिल्यापासून. मग एका रविवारी सकाळी ती त्याच्यासमोर बसून अर्धा तास बोलली. न रडता, न ओरडता. तो मांडीवर गिटार घेऊन सूर लावत होता. मधूनमधून मान हलवत होता, तेव्हा तिला वाटलं, पटतंय वाटतं.

घटस्फोट रीतसर झाला. गायकाला दुःख झालं, आणि दुःख झालंय हे लक्षात आल्यावर त्याला फार आनंद झाला. इतकी वर्षं विषयावाचून अडलेलं घोडं एकदम चौखूर उधळलं. चार महिन्यांत सात गाणी झाली. अल्बमचं नाव ठरलं, 'ओसाड उंबरठा'. आठवं गाणं मात्र जुळेना. म्हणून एका दुपारी तो वही घेऊन दुकानात हजर झाला.

"त्या दिवशी तू काय बोललीस गं नक्की?" त्याने विचारलं. "शेवटचं गाणं त्यावर आहे. आणि मला नेमकं तेवढंच आठवत नाहीये."

चष्मेवालीने हातातला बारीक स्क्रू आधी डबीत ठेवला. नाहीतर तो हरवला असता. मग म्हणाली, "बरंच बोलले. शेवटी म्हणाले, नळ गळतोय, प्लंबर चार वाजता येईल, दार उघड. मी जातेय, परत येणार नाही. तू म्हणालास, येताना गिटारच्या तारा आण."

गायकाने सगळं लिहून घेतलं. पेन दातात धरून बराच वेळ वहीकडे पाहिलं. "चालीत बसत नाही," असं म्हणून तो गेला.

अल्बम आला. आठव्या गाण्याचे शब्द होते, 'गेलीस तू, काही न बोलता'. तेच गाजलं. रिक्षात, सलूनमध्ये, लोकांच्या फोनमध्ये तेच. ज्यांची लग्नं धड चालली होती तेही डोळे पुसू लागले. एक निवृत्त मास्तर नंबर तपासायला आले आणि खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, माणसाने जाताना निदान दोन शब्द तरी बोलावेत. चष्मेवालीने त्यांना खालची ओळ वाचायला सांगितली. ती त्यांना दिसली नाही.

परक्यांचं एक वेळ सोडा. घरी आई तेच गुणगुणत भाजी निवडत होती. लेक समोर येऊन उभी राहिली तशी म्हणाली, "चाल चांगली आहे गं. पण तू काहीतरी बोलायला हवं होतंस बाई." तीन दिवसांची ती तालीम चष्मेवालीला आठवली. तिने आईच्या समोरची निम्मी भाजी आपल्याकडे ओढली.

गायकाने वर्षभरातच दुसरं लग्न केलं, त्याचे कार्यक्रम ठरवणाऱ्या बाईशी. तीच एक दिवस डोकं दुखतं म्हणून तपासणीच्या खुर्चीत येऊन बसली. आपण कोण ते तिनेच आधी सांगितलं. काचा बदलता बदलता थोडा वेळ दोघींचं फक्त धूसर आणि स्पष्ट एवढंच चाललं. मग तिने हळूच विचारलं, "तुम्ही खरंच काही न बोलता गेलात?"

"अर्धा तास बोलले."

"परवा मीही बोलले," ती म्हणाली. "आता ऐकतो हो तो. मधेच थांबवून म्हणाला, हे वाक्य छान आहे, पुन्हा म्हण."

चष्मेवालीला हसू आवरेना. मग ती बाईही हसली, आणि नंबर पुन्हा पहिल्यापासून काढावा लागला.

गुरुवारी चष्मा न्यायला ती आली तेव्हा बाहेर रिक्षात दोन बॅगा होत्या. बहिणीकडे चालले म्हणाली. या खेपेला सगळं कागदावर लिहून दिलं होतं, आणि पोच म्हणून खाली त्याची सहीही घेतली होती.

"वाचलं त्याने?" चष्मेवालीने विचारलं.

"नाही. त्याला वाटलं, कोणासाठी तरी स्वाक्षरी हवी आहे. वर लिहिलंय, सप्रेम."