जहाजबाईचा आवाज आणि बरोबरमामा

मामांच्या दुकानात दोन खुर्च्या. एक गिऱ्हाइकासाठी आणि दुसरी मोडलेली, म्हणून वर्तमानपत्रांसाठी. समोरासमोर दोन आरसे, त्यामुळे खुर्चीत बसलेल्या माणसाला एकाच वेळी वीसेक मामा दिसायचे, आणि ते वीसच्या वीस मामा त्याच्या बोलण्यावर मान डोलवत असायचे. "बरोबर आहे," हे मामांचं पेटंट वाक्य. पाऊस जास्त झाला म्हणा, बरोबर आहे. पाऊस झालाच कुठे म्हणा, तेही बरोबर आहे. म्हणून अख्ख्या गल्लीत त्यांचं नाव पडलं बरोबरमामा.

यात लबाडी नव्हती, धंद्याची शिस्त होती. मामांचे वडील याच दुकानात काम करायचे. त्यांनी वस्तरा हातात देताना मुलाला एकच गोष्ट सांगितली होती, "खुर्चीतल्या माणसाला विरोध केला की तो मान वळवून बोलतो. आणि मान वळली की रक्त येतं." तेव्हापासून पस्तीस वर्षं मामांनी कुणाचं रक्त काढलं नाही आणि कुणाला नाही म्हटलं नाही. लोक मात्र या खुर्चीत अगदी मोकळं बोलत. अंगावर पांढरं कापड आलं, मानेशी गाठ बसली, की माणसाच्या तोंडाची गाठ सुटायची.

नेमकं हेच मामांच्या मुलीला ठाऊक होतं.

मुलगी मोठ्या शहरात परदेशी सिनेमांना आपल्या भाषेतला आवाज द्यायचं काम करायची. नऊ वर्षांपूर्वी अंतराळजहाजाचा एक सिनेमा आला होता. जहाज वाट चुकतं, कप्तान एकटा उरतो, आणि त्याच्याशी बोलायला फक्त जहाजातलं यंत्र. त्या यंत्राच्या आवाजाला लोक प्रेमाने जहाजबाई म्हणू लागले. आता त्याचा दुसरा भाग आला, आणि या वेळी जहाजबाई होती मामांची लेक. जुन्या बाईंची तारीख जमली नव्हती, म्हणून हिची वर्णी लागली. आता तिसऱ्या भागासाठी सोमवारी आवाजाची चाचणी होती. ही, त्या जुन्या बाई आणि आणखी एक जण.

"बाबा, लोक काय म्हणतात ते मला सांगा," सिनेमा लागल्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "इथे सगळे छान छान म्हणतात आणि पाठ वळली की कुजबुजतात. माझं कुठे चुकतंय तेच कळत नाही. तुमच्या खुर्चीत लोक खरं बोलतात. पण मी आहे म्हणून सांगू नका हं, नाहीतर तेही खोटं बोलतील."

"बरोबर आहे," मामा म्हणाले.

सिनेमा कोपऱ्यावरच्या थिएटरला लागला होता, त्यामुळे मतांचा तुटवडा नव्हता. केस पडत होते तशी मतंही पडत होती. कुणी म्हणालं, पहिल्या भागात अंतराळ होतं, या भागात नुसता अंधार आहे. एका बस ड्रायव्हरने जहाज वळवण्याच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला, "एवढं मोठं धूड, आणि मागे न बघता वळवतो?" आणि आवाजाबद्दल? दहातले सहा जण म्हणत, नव्या बाईत ती मजा नाही. मामांचा वस्तरा क्षणभर थबकायचा. मग ते म्हणायचे, "बरोबर आहे."

बुधवारी दुपारी दुकानात कुणी नसताना मुलीचा फोन आला. मामांनी चार दिवसांचा अहवाल दिला. लोकांना सिनेमा आवडला. आवाज आवडला. ड्रायव्हरची वळणाबद्दल थोडी तक्रार होती, बाकी ठीक.

मग ती म्हणाली, "बाबा, मी काय तुमच्या खुर्चीत बसले आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे मला गिऱ्हाइकासारखं घोळवू नका. सोमवारी मला पुन्हा तेच करून यायचं आहे का, एवढंच सांगा."

मामांनी फोन ठेवला आणि स्वच्छ असलेला आरसा पुन्हा पुसला.

खरी गोची वेगळीच होती. मामांनी सिनेमा पाहिलाच नव्हता. मुलीने दोन तिकिटं पाठवली होती. मामी पहिल्याच दिवशी बहिणीला घेऊन जाऊन आल्या. पण पडद्यावर लेकीचा आवाज आला तसा त्यांनी डोळ्यांना पदर लावला, तो थेट दिवे लागल्यावर काढला. त्यामुळे त्यांचं मत एवढंच होतं, "छान आहे. पोरीला सर्दी झाली होती वाटतं तेव्हा." मामांनी मात्र "दुकान सोडून कसं येऊ" म्हणून टाळलं होतं. दुकान काही पळून जाणार नव्हतं. पण सिनेमा पाहिला असता तर स्वतःचं मत झालं असतं, आणि ते मत वाईट निघालं तर ते ठेवायचं कुठे? पस्तीस वर्षांत त्यांनी स्वतःचं मत असं घरात ठेवलंच नव्हतं.

गुरुवारी गणिताचे निवृत्त गुरुजी नेहमीप्रमाणे दाढीला आले. समोरचे औषधवाले, आपल्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की इथे येऊन पेपर वाचायचे, ते बाकावर होतेच. मामांनी गुरुजींना फेस लावला, डावा गाल उतरवला.

"पाहिला तो दुसरा भाग," गुरुजी म्हणाले. "तुला सांगतो, जुनी बाई बोलली की वाटायचं, ही आपल्याला घरी नेणार. ही नवी बोलते तेव्हा वाटतं, हिलाच कुणीतरी घरी सोडा."

मामांनी वस्तरा पुसला. तोंडातून सवयीने निघालं, "बरोबर आहे."

बाकावरचा पेपर खाली आला. "काय बरोबर आहे? मंगळवारी मी म्हटलं की नवीन बाईच जास्त चांगली, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

मामा वस्तऱ्याची धार बघू लागले.

"बरोबर आहे म्हणालात! तीनदा म्हणालात. कल्ले कापत होतात माझे."

"अहो, तसं तुमचंही..."

"थांब," गुरुजी खुर्चीतून उठलेच. अंगावर कापड, उजव्या गालावर फेस, डावा गाल गुळगुळीत. "दोन उलटी उत्तरं एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. चाळीस वर्षं शिकवलंय मी. तुझं स्वतःचं उत्तर काय आलं ते सांग."

"माझं काही नाही आलं."

"म्हणजे?"

"मी पाहिला नाही सिनेमा."

आरशातले वीसही मामा खाली बघत होते. औषधवाल्यांनी पेपरची घडी घातली. "मामा, औषध न बघता मी असा दुपारभर सगळ्यांना हो म्हणत बसलो तर गल्ली ओस पडेल."

"बसा गुरुजी," मामा हळूच म्हणाले. "उजवी बाजू राहिली आहे."

शुक्रवारी अडीच वाजता मामांनी दार ओढून घेतलं, खडूने पाटीवर लिहिलं, 'सहा वाजता उघडेल', आणि तीनच्या खेळाला जाऊन बसले. बाजूची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर त्यांनी छत्री ठेवली.

पहिली वीस मिनिटं त्यांना काही ऐकूच आलं नाही, कारण ते कप्तानाचे केस बघत होते. अकरा वर्षांचा प्रवास, जहाजावर दुसरा माणूस नाही, आणि कानामागची रेघ काल मारल्यासारखी ताजी! कुणी मारली? यंत्राने? मामांना कप्तानापेक्षा त्या न दिसणाऱ्या कारागिराची काळजी वाटायला लागली. मग हळूहळू कानांनी काम सुरू केलं.

आवाज लेकीचा होता, पण बोलत ती नव्हती. शब्द संपताना जरा लांबवायचा, मध्येच किंचित हसायचं, या सगळ्या लकबी मामांनी नऊ वर्षांपूर्वी पाहिलेल्या पहिल्या भागातल्या बाईंच्या. मामांनी हे लगेच ओळखलं, कारण हेच त्यांनी स्वतः केलं होतं. वडील गेल्यावर दोन वर्षं ते हुबेहूब वडिलांसारखी कात्री चालवत होते, अगदी दर चार कापांनंतर ती हवेत वाजवण्यापर्यंत. लोक म्हणायचे, हात चांगला आहे रे, पण वडिलांची सर नाही. येणार कुठून? वडिलांचा हात वडिलांनाच होता. एक दिवस बोटाला चीर पडली, कात्री वाजवणं जमेना, आणि त्या दिवसापासून गिऱ्हाइकं म्हणायला लागली, आता बसला हात.

मध्यंतरात मामा जागेवरून हललेच नाहीत.

दुसऱ्या अर्ध्यात जहाजाचे दिवे जातात. कप्तान घाबरतो, त्याला श्वास घेता येईना. आणि अंधारात जहाजबाई म्हणते, "डोळे मिटा. हालू नका. आता एकच बाजू राहिली आहे. झालं, हं, झालंच."

मामा खुर्चीत ताठ झाले.

मुलगी सहा-सात वर्षांची असताना शाळा सुटली की दुकानात यायची. पहिल्यांदा केस कापायला आणलेली पोरं किंचाळून दुकान डोक्यावर घ्यायची. आया, बाप, आजोबा सगळे हरायचे. ही पाटावर उभी राहून त्या पोराच्या कानाशी बोलायची. आवाज चढवायचा नाही, लाडात यायचं नाही. आता एकच बाजू राहिली, हं, झालंच. पोर गप्प. तोच हा आवाज. पडद्यावरचा कप्तान शांत झाला तेव्हा पुढच्या रांगेत कुणीतरी सुटकेचा श्वास टाकला, तो मामांना स्पष्ट ऐकू आला.

शनिवारी दुपारी त्यांनीच फोन लावला. मामी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"मी बघून आलो," मामा म्हणाले. "पहिला अर्धा भाग चांगला नाही."

मामींनी कपाळावर हात मारला. "अहो!"

"तिथे तू त्या जुन्या बाईंची नक्कल करतेस," मामा पुढे म्हणाले. "लोक म्हणतात मजा नाही. खरंच नाही. दिवे जातात तिथून तू बोलतेस. तिथून पुढे माझ्या दुकानातलं पोर रडलं नसतं."

मामांच्या ओठांवर आलं की बाकी सगळं बरोबर आहे. त्यांनी ते गिळलं.

"दिवे गेल्यापासून? नक्की?"

"नक्की."

"बाबा, तो भाग शेवटच्या दिवशी घेतला होता," ती सावकाश म्हणाली. "मी इतकी दमले होते की नक्कल करायचं त्राणच उरलं नव्हतं. मला वाटत होतं, तोच भाग पडला." मग जरा थांबून, "हे मला कुणीच सांगितलं नाही. अजून काही?"

"त्या कप्तानाचे केस कोण कापतं ते विचार जरा."

ती हसली. मग मामींनी फोन हिसकावला आणि सर्दीसाठी वाफ घ्यायला सांगितली. मुलीला सर्दी नव्हतीच, पण तिने वाफ घेते म्हणून सांगितलं. तेवढी ती बापावर गेली होती.

सोमवारची चाचणी झाली. बुधवारी निरोप आला, तिसऱ्या भागाची जहाजबाई हीच. कुणालाही सांगायला हरकत नाही, असंही ती म्हणाली. मामांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायला आधी कुणीतरी विषय काढायला हवा ना.

गुरुवारी गुरुजींनी तो काढला. मामांनी डावा गाल उतरवला होता, वस्तरा गळ्याशी आला होता.

"काय मग, आलं का उत्तर? पडेल आवाज आहे की नाही?"

"नाही गुरुजी."

गुरुजींचे डोळे उघडले. औषधवाल्यांचा पेपर खाली आला. "काय म्हणालात?"

"अर्धा पडेल आहे, अर्धा फार चांगला आहे. दिवे जातात तिथून ऐका. तुम्ही तोपर्यंत रागावून बसला असाल, म्हणून ऐकलं नसेल."

"तुला रे काय कळतं आवाजातलं?"

"माझी मुलगी आहे ती."

गुरुजींचा उतरवलेला गाल फेसाशेजारी एकदम लाल दिसला. "अरे, मग आधी नाही का सांगायचं! तसा आवाज काही वाईट नाही, म्हणजे मी आपलं..." ते मान वळवायला लागले.

मामांनी दोन बोटांनी त्यांची हनुवटी जागच्या जागी धरली.

"मत बदलू नका गुरुजी," ते म्हणाले, "मान हलेल. एकच बाजू राहिली आहे."