थांबणारा रहाट

इंग्रजांच्या अमदानीत मी देवीची लस टोचत फिरायचो. खासबागेत, विणकरांच्या वस्तीत, साडीच्या मागासाठी रहाटावर सुताच्या कांड्या भरणारी एक बाई होती. नाव मी कधी विचारलं नाही. तिची सहा वर्षांची लेक बोलत नसे. बाई तिला काहीबाही विचारायची, रहाट थांबवायची आणि उत्तराची वाट बघायची. लेकीचे ओठ नुसते हलायचे.

"बोलंल का हो ही?" तिनं मला विचारलं.

"आता कुठली बोलतीय!" मी घाईत म्हणालो. हातात सरकारी सुई होती, एवढंच माझं ज्ञान.

पुढच्या वर्षी गेलो, तर रहाट एकसारखा फिरत होता.

"तुमीच न्हाय म्हणलासा," ती म्हणाली. "मग मी थांबायचं सोडलं."

लेक शेजारीच बसली होती. तिचे ओठ अजून हलत होते.