तिसरी हाक

"तीन म्हणजे तीन," असं कॉन्डी ब्रेस्लिन म्हणायचा. चहात साखर तीन चमचे. मयताच्या घरी तीन घोट घ्यायचे आणि उठायचं. मेंढीला तीनदा हाक मारायची, तरी आली नाही तर ती आज यायची नाही असं समजून घरी जायचं. आमच्या मीनाबान गावातली माणसं त्याच्या माघारी त्याला 'तीन' म्हणायची. त्याला ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, थोडं आवडतही होतं.

त्याचं घर माझ्या घरासमोर, मध्ये एक दगडी बांध आणि चिखलाची गल्ली. चाळीस वर्षं मी त्याच्या धुराड्यातला धूर पाहत आले. धूर कसा निघतो त्यावरून मला कळायचं, आज हा लवकर उठला की अंथरुणातच पडून राहिला. त्याची बायको रोशा गेली त्याला नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत पडून राहण्याचे दिवस वाढत गेले.

त्या वर्षी जानेवारीत त्याच्या मुलीचं पत्र आलं. ऊना ग्लासगोला असायची, नवरा तिथल्या गोदीत कामाला. कॉन्डी पत्र घेऊन बांधापाशी आला. "ग्रानिया, तुझा चष्मा आहे ना? वाच जरा." वाचता त्यालाही येत होतं. पण ते त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

ऊनानं लिहिलं होतं, आठवडाभर मुलींना घेऊन येते. मुलींना तिथं करमलं, तर दरवर्षी येत जाऊ. नाही करमलं, तर बाबा, मी तरी एकटी येऊन काय करू?

"आठवडा म्हणजे ब्रिजिडची संध्याकाळ त्यातच येते," कॉन्डी म्हणाला. जानेवारीच्या शेवटच्या रात्री संत ब्रिजिडला घरात बोलावून घ्यायची आमच्याकडची रीत. पत्राची घडी त्यानं तीनदा घातली आणि खिशात ठेवली.

मुली आल्या. थोरली ईशबेल सात वर्षांची, धाकटी नोरा चार. आल्या त्या दिवसापासून पाऊस. घरात टीव्ही नाही, चुलीचा धूर डोळ्यांत जातो, संडास अंगणाच्या पलीकडे. आजोबांचं बोलणं त्यांना निम्मं कळायचं नाही. मी अंडी द्यायला गेले तेव्हा ईशबेल खिडकीशी बसून बोटं मोजत होती.

"काय मोजतेस गं?" मी विचारलं.

"घरी जायला किती दिवस राहिले ते."

कॉन्डी चुलीत टर्फच्या, दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या ढेपा सारत होता. त्यानं मान वर केली नाही, पण हातातली ढेप बराच वेळ हातातच राहिली.

जानेवारीच्या शेवटच्या दिवशी पाऊस थांबला. कॉन्डीनं मुलींना तळ्याकाठी नेलं, लव्हाळे आणायला; त्या रात्री त्यांचे क्रूस वळतात. मीही गेले, कारण नोराला चिखलातून उचलून न्यायला कोणीतरी हवं होतं. ईशबेलनं आईची कात्री बरोबर घेतली होती. तिनं दोन काड्या कचकन कापल्या आणि कॉन्डी ओरडला. बिचारी इतकी दचकली की कात्री पाण्यात पडली.

"कापायचे नसतात," तो आवाज खाली आणत म्हणाला. "मुळाशी धर, अंगठा आत घाल, ओढ. हां. बघ, खाली कसं पांढरं शुभ्र निघतं."

ईशबेलनं ओढलं आणि पाठीवर आपटली. चिखलात बसल्या बसल्या तिनं हातातल्या काडीचं पांढरं टोक पाहिलं आणि पहिल्यांदा हसली. मग तिला थांबवणं कठीण झालं. परत येताना तिनं विचारलं, "पण ब्रिजिड खरंच येते का आजोबा?"

"येते तर. दाराशी येऊन हाक मारते. तीन हाका. घराभोवती एक फेरा घातला की एक हाक. तिसरी झाली की आतल्यांनी उत्तर द्यायचं, ये बाई ये, घर तुझंच आहे. मगच दार उघडायचं."

"आणि आधीच उघडलं तर?"

"तर ती आल्या पावली परत जाते. तीन म्हणजे तीन."

दिवसभर तो मुलींकडून ते उत्तर घोकून घेत होता, आमच्या भाषेत, जे त्यांना पोपटासारखंच पाठ करावं लागलं. नोरा दर वेळी मधला शब्द खायची. दुपारी बांधाशी मी त्याला चिडवलं, "दाराबाहेर ब्रिजिड म्हणून बाई उभी राहायला हवी. रोशा राहायची. मिशीवाली ब्रिजिड कोणी पाहिलीय?"

"मग तू ये."

"मला गाय बांधायचीय. शिवाय तुझी हाक बरी, माझी ऐकून पोरी पळतील."

तो हसला. मग म्हणाला, "ग्रानिया, आज त्यांना आवडलं पाहिजे गं." एवढंच. 

दिवेलागणीला तो लव्हाळ्यांचा भारा काखेत घेऊन बाहेर पडला. समुद्राकडून वारा सुटला होता. मी गोठ्याच्या दारात उभी राहून पाहत होते. पहिला फेरा घातला, दाराशी आला, हाक मारली. आवाज खणखणीत, मी एवढ्या लांबून ऐकला. दुसऱ्या फेऱ्याला तो घराच्या कोपऱ्यावरून वळला आणि माझा कुत्रा त्याला पाहून असा भुंकत सुटला, की मी लाथ मारेपर्यंत थांबला नाही. कॉन्डीनं त्यातच दुसरी हाक मारली. मग तिसरा फेरा, तिसरी हाक.

आणि उत्तर आलं नाही.

कॉन्डी उभा राहिला. भारा या काखेतून त्या काखेत घेतला. दाराच्या फटीतून उजेड दिसत होता. आत माणसं होती, चूल होती, आणि तो स्वतःच्याच दाराबाहेर. वाऱ्यानं त्याची टोपी उडाली ती त्यानं उचलली नाही.

मी बांधापर्यंत गेले. "कॉन्डी, अरे दार वाजव की!"

"तीन झाल्या," तो म्हणाला.

"मग चौथी मार!"

"चौथी हाक भिकाऱ्याची असते." त्याचा आवाज बारीक झाला होता. "कंटाळल्या असतील पोरी. ऊनानं झोपवल्या असतील. काय करणार, लहान आहेत." तो आपल्या गोठ्याकडे वळला. स्वतःच्या घरी न जाता हा माणूस गोठ्यात बसेल, हे मला दिसत होतं.

आतलं मला मागाहून ऊनानं सांगितलं. तिघी जमिनीवर गुडघे टेकून बसल्या होत्या, डोळे दारावर. नोराला लघवी लागली होती. ईशबेलनं तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. "दोनच झाल्या. तिसरी राहिलीय. आत्ता उघडलं तर ती परत जाईल." ऊना उघडू शकली असती. पण तीही इथलीच. तिनंही दोनच मोजल्या होत्या, आणि तिला तिची आई आठवत होती.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. माझी बोटं बधिर झाली. मग आतून नोराचं भोकाड ऐकू आलं आणि पाठोपाठ दारातल्या पत्रं टाकायच्या फटीचं झाकण वर झालं. त्यातून ईशबेलचा आवाज आला, रागानं चिरकलेला.

"आजोबा! तिसरी हाक कुठंय? नोरानं चड्डीत केली!"

कॉन्डी गोठ्यातून अंगणात आला. "दिली की मी!"

"नाही! दोनच दिल्या!"

"तीन!"

"दोन! आम्ही तिघींनी मोजल्या!"

"माझ्या कुत्र्यानं एक खाल्ली रे," मी बांधावरून ओरडले.

तो हलेना. चाळीस वर्षांत त्या माणसानं चौथी हाक मारलेली मी ऐकली नव्हती, मेंढीला नाही, माणसाला नाही, शेवटच्या दिवशी रोशालाही नाही. मग तो दाराकडे गेला आणि हाक मारली. आवाज फाटला मध्येच. आतून लगेच तीन गळ्यांतून उत्तर आलं, नोराचं मधला शब्द खाऊन, आणि दार उघडलं.

मीही गेले मग. बटाटे कुस्करून मध्ये लोण्याचा खड्डा केलेला, तो आधी नोरानं फोडला. आम्ही जमिनीवर बसून क्रूस वळले. कॉन्डीचा वाकडा झाला, कारण मधला चौक नेहमी रोशा बसवायची. ईशबेलचा सरळ झाला. तिनं पाच वळले. एक मला दिला.

सकाळी ग्लासगोची बस रस्त्याच्या टोकाला उभी राहिली. कॉन्डीनं बॅगा वाहिल्या. ईशबेल त्याच्या कोटाला लटकली होती, चार दिवसांपूर्वी त्याच्या सावलीला भिणारी ती पोर.

"आजोबा, आता मला सगळं येतं," ती म्हणाली. "आमच्या शाळेमागं डबकं आहे, तिथं असलेच लव्हाळे आहेत. पुढच्या वर्षी आम्ही घरीच करणार. आई बाहेर उभी राहणार, मी उत्तर देणार. नोराला पण शिकवीन."

ऊनानं खाली पाहिलं. "बाबा, ऐन थंडीत बोटीनं दोन पोरींना घेऊन... उन्हाळ्यात बघू आपण."

"उन्हाळ्यात, हो," कॉन्डी म्हणाला. दोघांनाही माहीत होतं, उन्हाळ्यात नवऱ्याला गोदीत जादा पाळ्या असतात, तिला निघता येत नाही. तो खाली वाकला आणि ईशबेलच्या कोटाचं वरचं बटण लावलं. "काड्या ओल्या असतानाच वळायच्या बरं. वाळल्या की मोडतात. आणि दारापासून कुत्रा लांब बांध."

"आमच्याकडे कुत्रा नाहीये."

"मग तुमचं चांगलं होईल."

बसचं दार लागलं. माणसं हात हलवतात तेवढा वेळही तो थांबला नाही. पाठ फिरवून तळ्याच्या वाटेनं चालू लागला, हात कोटाच्या खिशात, मान आत ओढलेली. ईशबेल मागच्या काचेला नाक लावून त्याच्याकडे पाहत होती, बस वळणाआड जाईपर्यंत. त्यानंतर फक्त मी पाहत होते.