खिशाच्या तळाचं पाणी

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या सेमिनारचा विषय होता ब्रोमोडोमेन. पेशीत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो; त्या सगळ्याला मिळून क्रोमॅटिन म्हणतात. हिस्टोनच्या शेपटीवर ॲसिटिलची खूण असली, की काही प्रथिनांमधला ब्रोमोडोमेन हा भाग ती ओळखून धरतो. त्याचे चार पीळ एकमेकांना टेकून उभे असतात आणि एका टोकाला त्यांच्यामध्ये खोल खिसा असतो. टँकरच्या फुटक्या पाइपचे चार तुकडे वळवून मी त्याची प्रतिकृती केली होती.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. वाळूजकडं आमची नवी वस्ती वाढत होती. घरोघरी नळ होते, पाणी नव्हतं. सेमिनारच्या दिवशी सकाळीच टँकर आला. शेजारच्या काकूंनी आमच्या ड्रममधला पाइप ओढून स्वतःच्या ड्रममध्ये टाकला.

"नंबर आमचाय," आई म्हणाली.

"चुलीत गेला तुझा नंबर!" काकूंनी आईचे केस धरले आणि तिचं डोकं टँकरच्या चाकावर आपटलं. परत आपटलं. मी हातातला स्टीलचा हंडा काकूंच्या कपाळावर मारला. त्या खाली बसल्या, तरी दुसऱ्यांदा मारला. तो दुसरा कशाला, हे मला अजून सांगता येत नाही.

त्यांचं रक्त ड्रममध्ये गळालं. कुणीतरी ड्रम कलता करायला गेलं.

"ओतू नका, धुण्याला व्हईल," काकू पदरानं कपाळ दाबत म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "लई शिकली ना? जाते आता चौकीत. बघू कोण नोकरी देतं ते."

आईनं सुजलेल्या तोंडानं मला कॉलेजला पिटाळलं.

सेमिनारमध्ये दार वाजलं की पोलीस आले असं वाटून मी तिकडं बघायचे. मॅडमनी प्रतिकृतीच्या खिशात बोट घातलं. "तळाशी काय असतं?"

"काही नाही. रिकामं."

"पाण्याचे रेणू विसरलीस. खूण आत शिरली तरी ते थोडे रेणू तिथंच राहतात. त्यांच्याशिवाय पकड नीट बसत नाही."

मी मान हलवली. माझ्या नखांत रक्त वाळलं होतं.

संध्याकाळी काकू ओट्यावर बसल्या होत्या, कपाळाला पट्टी.

"काकू, चौकीत..."

"नाय गेले. दुपारी दुसरा टँकर यायचा व्हता. नंबर कोण लावणार, तुझा बाप?"

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"गप बस. नळाला पाणी आलं की जाते बघ चौकीत."

पुढं कितीतरी दिवस नळात हवा जरी गुरगुरली, तरी मी आधी काकू ओट्यावर आहेत का ते बघायचे.