मागितली म्हणजे मिळालीच असं नाही

उभ्या पनवेलमध्ये खुर्चीवर बसण्याआधी इतका विचार करणारा दुसरा माणूस नसेल. आमच्या खांदा कॉलनीत, शेजारच्याच फ्लॅटमध्ये हे सर सी प्रोग्रॅमिंगचा क्लास घेतात आणि सगळं जग म्हणजे कॉम्प्युटरची मेमरी आहे असं समजून वागतात. प्रोग्रॅमला जागा लागली की ती मॅलॉक नावाच्या आज्ञेकडे मागायची, पण मागितली म्हणजे मिळालीच असं नाही, तपासायचं, हा त्यांचा पहिला धडा. माझ्या मुलीच्या लग्नाचा हॉल मी ठरवून आलो, तर हे परस्पर जाऊन रिकाम्या हॉलमध्ये उभे राहून आले आणि मगच म्हणाले, "हां, मिळालाय." मॅलॉकच्या जागेत आधीच्याचा कचरा तसाच असतो, कॅलॉक ती पुसून देतं, त्यामुळे हॉटेलात टेबल पुसल्याशिवाय सर बूड टेकत नाहीत. आता कोपऱ्यावरच्या हॉटेलातला वेटरच त्यांना बघून ओरडतो, "सर, कॅलॉक केलाय, बसा!" आणि काम संपलं की जागा फ्री करायची, म्हणजे परत द्यायची, हा शेवटचा धडा. त्याच लग्नात तिसरी जिलेबी तोंडात असलेल्या माझ्या व्याह्यांना सरांनी पंगतीतून उठवलं. व्याही अजून माझ्याशी जपूनच बोलतात.

सरांचं गाव उलव्याकडचं. विमानतळासाठी ते उठलं, बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर सरांनी घर बांधलं. जुना पाटा, देव्हारा, दाराची कडीसुद्धा आणली. आई मात्र तिथं राहायला तयार होईना. पिशवी भरून दारात बसायची. "चल रं, घरा जाऊ." आईला करमलं नाही तर करायचं काय, या काळजीनं सर वाळले. वास्तुशांतीला मी होतो. माझ्यासमोर त्यांनी तिला समजावलं, "आये, याला रिअॅलॉक म्हनतात. जुनी जागा पुरली नाय का दुसरीकडं मोठी मिलते. आतला सगला जसाच्या तसा येतो. पत्ता बदलतो, बस."

"सगला आनलास?" म्हातारी म्हणाली. "मंग दारातली चिंच कुटं हाय? इथला वारा मना वलकत नाय रं."

एरवी शंकेचं उत्तर तोंडावर फेकणारे सर उठले आणि दाराची जुनी कडी लावून-काढून बघू लागले. आई राहिली, पण पिशवी काही तिनं रिकामी केली नाही.

परवा भिंतीपलीकडून शिकवण्याचा आवाज आला. "रिअॅलॉक केलं की आतलं सगळं जसंच्या तसं नव्या जागी येतं."

"बहुतेक," सर म्हणाले.

पुस्तकात हा शब्द नाही. मला उठून पलीकडे जावंसं वाटलं, सरांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला.