धाकटी सरळ विचारते

आमची धाकटी जाऊ घरात आली तेव्हा तिच्याबद्दल माझं मत काही फार बरं नव्हतं. ती हसली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं, छत्री घेऊन बाहेर पडली की हात हलवत परत यायची आणि स्वयंपाकघरात उभी राहिली की काही ना काही करपायचंच. त्यात तिची नोकरी. सैन्यातून निवृत्त झालेल्यांसाठी एक मदत केंद्र आहे, तिथं ती समाजसेविका आहे. त्यातल्या कोणी स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घेऊ नये, हे पाहणं तिचं काम. हे कळलं तेव्हा मी आमच्या ह्यांना म्हटलं होतं, "जगातल्या बाकीच्या नोकऱ्या संपल्या होत्या का?"

आधी ती एका मोठ्या इस्पितळात होती. तिथं कोणी जिवाचं असं काही करून घेतलं की त्याच्या घरच्यांजवळ बसायचं काम तिच्याकडे यायचं. "सगळे एकच सांगायचे, ताई," ती मला म्हणाली होती. "काही कळलंच नाही हो, कालपर्यंत चांगला होता. हे ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं. म्हटलं, आपण आधी जायचं आणि विचारायचं." आणि ती खरोखरच विचारते. आडून नाही, पाडून नाही, थेट. एकदा आमचे हे दाढदुखीनं तोंड पाडून खिडकीशी बसले होते. ही कामावरून आली, शेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाली, "भाऊजी, मरायचे विचार येतात का?"

"नाही गं बाई," हे म्हणाले, "दाढ उपटायचे येतात."

मी हसून हसून बेजार. तिनं मात्र आधी ह्यांचा चेहरा नीट पाहून घेतला, मग हसली.

मी तिच्याशी यावरून भांडलेही आहे. असं विचारून नसलेलं खूळ आपणच डोक्यात घालतो, असं माझं ठाम मत होतं, आणि माझी मतं ठामच असतात. ती म्हणाली, "आपण घालत नाही, ताई. ते आलेलंच असतं. कोणी विचारलं की माणसाला वाटतं, चला, हिच्याशी बोलता येईल." मला तेव्हा काही पटलं नाही.

आता जे सांगणार आहे, ते ज्याचं आहे त्याला विचारून सांगते आहे. "लिहा," तो म्हणाला, "कोणाला उपयोग झाला तर बरंच." सैन्यात तो बिनतारी संदेशयंत्रावर होता, आणि गडी इतका कमी बोलायचा की केंद्रातल्या लोकांनी त्याचं नावच बिनतारी ठेवलं. बायको वारली होती. धाकटा भाऊ दुसऱ्या गावी. हा एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटा राहायचा. आमच्या घराच्या तळमजल्यावर माझं शिवणाचं दुकान आहे, तिथं तो कधीमधी पँट आखूड करायला यायचा, एवढीच माझी ओळख. तो केंद्राचा माणूस आहे हेसुद्धा मला तेव्हा ठाऊक नव्हतं, बाकीचं सगळं मागाहून कळलं. धाकटी तिकडची गोष्ट घरात आणत नाही. मी किती खोदलं तरी नाही.

केंद्राची एक पद्धत आहे. एकट्या राहणाऱ्यांकडे चक्कर मारायला ते दुसऱ्या निवृत्त सैनिकालाच पाठवतात, कारण हे लोक दार उघडतात ते आपल्यातल्याच माणसाला. बिनतारीकडे सैन्यातलेच एक निवृत्त हवालदार जायचे. हवालदारांना मी चांगलीच ओळखते. शर्टाला कडक इस्त्री, मिशीला त्याहून कडक, आणि पँटची घडी केसभर सरकली म्हणून ती परत घेऊन येणारं गिऱ्हाईक. सुरुवातीला ते जायचे तेव्हा बिनतारीचे पडदे दिवसाही ओढलेले असायचे. भांडी मोरीत पडून, दाढी वाढलेली. धाकटीनं त्याला तिचा तो प्रश्न विचारला होता आणि तो "कधीकधी" म्हणाला होता. मग घरातलं जे काही धोक्याचं ते हवालदारांनी त्याच्या संमतीनं आपल्याकडे नेऊन ठेवलं, औषधपाणी सुरू झालं, चकरा वाढल्या.

आणि मग एका खेपेला हवालदार केंद्रात परतले ते छाती पुढे काढूनच. "मॅडम, आपला माणूस सुटला. घर चकाचक. बिछान्यावर सुरकुती नाही, बूट रांगेत, कपाट असं लावलंय की साहेबांना तपासणीला बोलवावं. मी पाठ थोपटून आलो त्याची." धाकटीनंही सुटकेचा श्वास सोडला. तिचा दोष नाही, हवालदारांचाही नाही. ज्यांना उभी हयात हेच शिकवलं की सामान जागच्या जागी म्हणजे माणूस जागेवर, ते दुसरं काय समजणार?

त्याच सुमारास बिनतारी दुकानात आला. हातात जाड लोकरी कोट. म्हणाला, बाह्या आखूड करा, कमरेत आत घ्या.

"का हो? अंगावर तर नीट बसतोय," मी म्हटलं.

"भावासाठी. तो माझ्यापेक्षा बारीक आहे."

जाताना थांबून म्हणाला, "तुमचं काम नेहमी चांगलं असतं. सांगायचं राहून गेलं होतं." आणि हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. कौतुक कोणाला आवडत नाही? मी खूष.

दुसऱ्या दिवशी धाकटीला सुट्टी होती. दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो होतो. माझी कुरकुर चालू होती, की कोटाचं कापड म्हणजे नुसतं कातडं आहे, मशीनची सुई टिकत नाही. "आणि माणूसही अजब. थंडी तोंडावर आली आणि हा आपला एकुलता एक कोट भावाला देऊन टाकतोय. एरवी तोंडातून शब्द नाही, पण काल काय खुशीत होता. माझं कौतुक करून गेला."

धाकटीचा हात ताटातच थांबला. "कोण, ताई? तिसऱ्या मजल्यावर राहतात ते?"

"तोच. कपडे पोचवलेत मी तिथं. तू ओळखतेस?"

ती उठली. खरकट्या हातानंच तिनं फोन लावला. तिकडून कोणी उचलेना. मग हवालदारांना लावला, "लगेच त्यांच्याकडे या" एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "गाडीची चावी घ्या."

आमची गाडी म्हणजे दुकानाचे कपडे पोचवायची खटारा व्हॅन. धाकटीला चालवता येत नाही. रस्ताभर मी आपली तिला समजावत होते की अगं, तो मजेत होता, उगाच घाबरतेस. ती समोर बघत म्हणाली, "आठवड्यापूर्वीपर्यंत त्यांना अंथरुणातून उठवत नव्हतं. एकदम घर आवरलं, वस्तू वाटल्या, राहिलेलं बोलून घेतलं आणि खूष झाले. कधीकधी माणूस ठरवून टाकतो ना, ताई, तेव्हा असा हलका होतो. मी चुकत असेन तर देव पावला. पण विचारल्याशिवाय मला राहवणार नाही." मी व्हॅनचा वेग वाढवला. त्या माणसानं केलेलं कौतुक मी घरी मिरवत आणलं होतं, ते आता आठवायलाही नको वाटलं.

धाकटी जिने धावत चढली, मी धापा टाकत मागे. दार वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं. मग आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. समोर तो उभा, दाढी केलेला, धुतलेला शर्ट घातलेला. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

खोली खरंच बघण्यासारखी होती. चादर ढोलासारखी ताणलेली. भिंतीशी खोकी, प्रत्येकावर चिठ्ठी: भाऊ, शेजारी, केंद्र. टेबलावर किल्ल्यांचा जुडगा. ओट्यावर एकच कप, तोही पालथा. कोणी राहतंय असं वाटेचना.

धाकटी त्याच्यासमोर बसली. "दादा, मरायचं ठरवलंय का?"

मला वाटलं, हा आता चिडेल, दार दाखवेल. तो जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो."

"कधी?"

"हे सगळं आवरून झालं की. आज, उद्या." आवाज अगदी साधा. "मागच्याला त्रास नको, मॅडम. जागा सोडताना चार्ज नीट देऊन जायचं असतं."

हवालदार केव्हा येऊन दारात उभे राहिले ते मला कळलंच नव्हतं. त्यांनी हे ऐकलं. त्यांची नजर चादरीवरून बुटांवर, बुटांवरून खोक्यांवर गेली आणि चेहरा पडला. "हे सगळं मी पाहिलं होतं," ते म्हणाले. "पाहिलं आणि तुला शाबासकी देऊन गेलो."

मग हवालदार आत आले.

"चार्ज एकट्याला देता येतो का रे?"

बिनतारीनं वर पाहिलं. "नाही, साहेब."

"मग कसा देतात?"

"घेणारा समोर लागतो. त्यानं सगळं तपासून ताब्यात घेतलं की मग आपण मोकळे."

"बरोबर. तर मी घेत नाही." आणि ज्या माणसाला पँटची घडी सरकलेली चालत नाही, तो धुळीच्या बुटांसकट त्या ताणलेल्या चादरीवर चढून मांडी घालून बसला. तेवढ्यानं भागलं नाही. हवालदारांनी हात लांबवून भावाच्या नावाचं खोकं ओढलं, त्यातले स्वेटर, मफलर, मोजे काढून पलंगावर फेकायला लागले. "हे घेत नाही. हेही घेत नाही. बघतो कसा मोकळा होतोस ते." बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. मिशीवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

बिनतारी त्या चुरगळलेल्या चादरीकडे बघत राहिला, आणि मग तोही रडायला लागला. लहान मूल रडतं तसा, खांदे उडवून. धाकटी त्याच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसली. सगळं ठीक होईल, असं ती म्हणाली नाही. "काय सहन होत नाहीये?" एवढंच तिनं विचारलं.

तो बोलला. एकदा यंत्रावर पलीकडून त्याचा एक साथीदार हाक मारत राहिला होता. हा उत्तर देत होता, पण ते तिकडे पोचत नव्हतं. "मी होतो तिथंच. त्याला मात्र वाटलं असेल, कोणीच नाही." झोपायला गेलं की तोच आवाज. बायको होती तोवर ती उठवायची. इतकी वर्षं हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं.

मला तिथं काय करावं ते कळेना, म्हणून मी चहा टाकायला गेले. तर साखर खोक्यात, चहाची पूड खोक्यात, आणि भांडी शेजाऱ्यांच्या नावानं बांधलेली. मी वैतागून ओरडले, "अहो, निदान साखर तरी बाहेर ठेवायची." माझी जीभ कधी काय बोलेल याचा नेम नसतो. मग बिनतारी नाक ओढत म्हणाला, "केंद्राच्या खोक्यात आहे, वहिनी. खाली, उजव्या बाजूला." आणि धाकटीला हसू फुटलं, तेच ते गल्लीच्या टोकापर्यंत जाणारं.

चहा झाला. धाकटीनं त्याच्यासमोरच त्याच्या भावाला फोन लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. भाऊ पलीकडून सारखं "मी निघालो, दादा, मी निघालो" म्हणत होता, इतका मोठ्यानं की ते मला ओट्यापाशी ऐकू येत होतं. दुपारीच आम्ही सगळे व्हॅनमधून डॉक्टरांकडे गेलो. पुढे धाकटी आणि मी, मागे तयार कपड्यांच्या ढिगात ते दोघे. डॉक्टरांनी त्याला इस्पितळात ठेवून घेतलं. भाऊ येईपर्यंत हवालदार खाटेजवळून हलले नाहीत.

घरी आल्यावर धाकटी तशीच ताटावर बसली आणि ते गारढोण जेवण जेवली. "आज मीठ जरा जास्तच झालंय, ताई," ती म्हणाली. एरवी मी तिला सोडलं नसतं. त्या दिवशी मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि तसं मी तिला सांगितलंही. आमच्यात असं बोलायची पद्धत नाही, पण सांगितलं.

हवालदार अजून चकरा मारतात. चकरा मारायला नव्यानं येणाऱ्या लोकांना ते स्वतःची चूक स्वतःच सांगतात. घर बघू नका, माणसाला विचारा, म्हणतात. बिनतारी इस्पितळातून काही दिवस भावाकडे गेला, मग परत आपल्या खोल्यांत आला. म्हणून सगळं गोड झालं असं नाही. मध्ये काही आठवडे फार वाईट गेले. धाकटी घरी येऊन नुसती बसून राहायची, आणि मी काही विचारायचे नाही.

मग परवा सकाळी दुकानात तिचा फोन आला. ती हसत होती की रडत होती तेच कळेना. मी घाबरून म्हटलं, काय झालं ते आधी सांग.

"ते आले होते, ताई. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी गेलं नव्हतं. स्वतःहून बस पकडून आले, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, मॅडम, आज परत तसे विचार येतायत, एकटं राहायला नको वाटतं."

"अगं, मग ही चांगली बातमी आहे की वाईट?"

"चांगली, ताई. फार चांगली. या वेळी मला विचारावं लागलं नाही."